‘नवशिक्यांची रेकॉर्ड’ आवडली, मग गटात बोलायचं की नाही?

पत्र

ताई, नमस्कार. वय ४६, राहणार साखर पेठ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. घरी तेलुगू, शिक्षण सगळं मराठीत. लहानपणी तबला शिकलो, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, पुढे सुटलं. दीडेक वर्षापूर्वी मोबाइलवर सहज जॅझ कानावर पडलं आणि मी अडकलोच. मग एका मित्राच्या ओळखीने जॅझ ऐकणाऱ्यांच्या एका गटात गेलो. मुंबई, पुणे, गोवा, कुठकुठली माणसं आहेत. दर रविवारी रात्री सगळे आपापल्या घरी एकच रेकॉर्ड लावतात आणि मग फोनवर त्यावर गप्पा होतात.

एकदा धीर करून मी लिहिलं, की मला माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ सगळ्यांत आवडते. त्यातल्या पहिल्या तुकड्यात ते जाड आवाजाचं वाद्य काहीतरी विचारतं, बाकीचे दोनच सुरांत होकार देतात, मग सगळं एकदम थोडं वर चढतं आणि परत जागेवर येतं, ते फार भारी वाटतं. गटातल्या एका ज्येष्ठांनी उत्तर दिलं, ‘ती नवशिक्यांची रेकॉर्ड. तिच्या पुढे गेलात की बोलू.’ काही जणांनी हसरे चेहरे टाकले. तेव्हापासून मी गप्प आहे. ऐकतो सगळं, लिहीत नाही.

घरी बायको म्हणते, ‘सगळे एकदम भांडायलेत काय?’ मुलगा अकरावीला आहे, तो म्हणतो बाबा उगीच स्टाइल मारतात. गट सोडू का? आमच्यासारख्यांनी हे ऐकणं म्हणजे नुसती हौसच का? आणि रेकॉर्ड प्लेअर घ्यावा का? गटात बऱ्याच जणांकडे आहे.

— एक मूक श्रोता, सोलापूर

उत्तर

नमस्कार दादा,

गट सोडू नका, आणि गप्पही राहू नका. का ते सांगते.

‘सगळं एकदम थोडं वर चढतं आणि परत जागेवर येतं’ हे तुमचं वाक्य मी कितीदा वाचलं. त्या तुकड्याचं नाव ‘सो व्हॉट’, आणि त्याचा सगळा सांगाडा तुम्ही कुणी न सांगता, नुसत्या कानाने पकडलात. तुम्ही तबला शिकलेले आहात, म्हणून तुमच्याच हिशेबात मांडते. चार-चार मात्रांची बत्तीस मापं झाली की एक फेरी पुरी होते. म्हणजे १२८ मात्रा, सोळा मात्रांच्या त्रितालाची बरोबर आठ आवर्तनं. पहिली चार आवर्तनं सा आहे पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. सूर काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल. पाचव्या आवर्तनाच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, सगळेच्या सगळे अर्ध्या सुराने वर सरकतात, पांढरी दोनवरून काळी दोनवर. थाट तोच, फक्त सा हलला. दोन आवर्तनं तिथे काढायची, सातव्याच्या समेला परत पांढरी दोनवर उतरायचं आणि उरलेली दोन आवर्तनं तिथेच संपवायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीचा तो संथ, ठेक्याशिवायचा भाग सोडून द्या. जाड आवाजाचं वाद्य, म्हणजे पॉल चेंबर्सचा बेस, विचारायला लागला की हातावर त्रिताल धरा. धून एक फेरी चालते. मग माइल्स ट्रम्पेटवर दोन फेऱ्या वाजवतो, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, कॅननबॉल ॲडर्ली दोन आणि पियानोवर बिल इव्हान्स एक. प्रत्येकाच्या वाटणीला तेच आठ आवर्तनांचं घर येतं आणि पाचव्या आवर्तनाचा तो उंबरठा प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेने ओलांडतो. कोण आधीपासून तयारीत आहे, कोण समेवर अलगद पाय ठेवतो, कोण जुना सूर तसाच ओढत नेतो, एवढंच एका रात्री ऐका. दुसरं काही ऐकायची गरज नाही.

त्याच रेकॉर्डवर ‘फ्रेडी फ्रीलोडर’ नावाचा तुकडा आहे. तो ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जुन्या गाण्यांचा एक साचा. ब्लूजची फेरी बारा मापांची, म्हणजे ४८ मात्रा, म्हणजे त्रितालाची तीन आवर्तनं. मापं मोजताना नवीन माणूस हमखास चुकतो. तुम्ही चुकणार नाही, कारण चार मापांची प्रत्येक ओळ तुमच्या समेवरच सुरू होते. जगात ब्लूजच्या चालीवर हजारो तुकडे आहेत आणि या एका हिशेबाने त्यांतल्या बहुतेकांचं दार तुम्हांला उघडेल. ‘टेक फाइव्ह’ लावा, पॉल डेझमंडची रचना, डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीने १९५९ मध्ये वाजवलेली. पाच मात्रा. आपल्या झपतालात दोन-तीन, दोन-तीन असे खंड पडतात, इथे तीन-दोन. हात आपोआप अडखळेल, तो अडखळू द्या.

मात्र एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण या वाटेवर पुढे ती नक्की आडवी येईल. ‘हे तर आपलंच, रागदारीतून घेतलेलं’ असं म्हणणारी माणसं भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. काफी आणि त्रिताल ही तुमची आत शिरायची वाट आहे, तेवढ्यापुरतीच. रागात सा हलत नाही, तानपुरा त्याला शेवटपर्यंत धरून असतो. इथे खालची जमीनच सरकते आणि वाजवणाऱ्याला तिच्याबरोबर सरकावं लागतं. आपला जोर समेवर, तर तिथे चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते. आणि मात्रेचे दोन तुकडे सारखे पडत नाहीत, पहिला लांब, दुसरा आखूड. ती लचक म्हणजे स्विंग. ती कागदावर नीट उतरत नाही, ऐकूनच अंगात भिनते.

हे संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं आहे आणि त्यांनी त्याची किंमत मोजली आहे. तुमची आवडती रेकॉर्ड १७ ऑगस्ट १९५९ ला बाजारात आली. २५ ऑगस्टच्या रात्री न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर माइल्स डेव्हिस मधल्या सुट्टीत उभा होता. आत त्याचाच कार्यक्रम चालू होता, बाहेर पाटीवर त्याचं नाव होतं. पोलिसांनी त्याला तिथून हटायला सांगितलं, तो हटला नाही, तर डोकं फुटेपर्यंत मारलं आणि वर अटक केली. ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकताना हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. त्या सुरांतला शांतपणा आयता मिळालेला नव्हता.

आता ‘नवशिक्यांची रेकॉर्ड’ या शेऱ्याकडे येते. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, अशा दोन दिवसांत ती ध्वनिमुद्रित झाली. वादकांच्या हातात पूर्ण लिहिलेलं संगीत नव्हतं, थोडक्यात आराखडे होते. जॅझमध्ये तोवर स्वरसंगतींची (कॉर्ड्सची) घाईगर्दी वाढत चालली होती. ती बाजूला सारून एका थाटावर बराच वेळ राहायचं, ही वाट या रेकॉर्डने मोठी केली. त्या ताफ्यातला कोल्ट्रेन पुढे त्याच वाटेने कुठल्या कुठे गेला. आपल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, रविशंकरांवरून. अमेरिकेत या रेकॉर्डच्या ५० लाखांवर प्रती गेल्या, म्हणून ती सोपी झाली असं कुणाला वाटत असेल तर त्याने पाचव्या आवर्तनाच्या समेवर स्वतः बोटं ठेवून बघावीत. नवशिके तिथून सुरुवात करतात हे खरं. पण मुरलेले वादकही तिच्याकडे परत परत येतात, हेही तितकंच खरं. त्यामुळे ‘तिच्या पुढे गेलात की बोलू’ हे बोलणं मला मान्य नाही, आणि ते तुम्हांला लागलं यात नवल काहीच नाही.

तरीही त्या गृहस्थांबद्दल दोन शब्द. ते ज्येष्ठ आहेत म्हणता, तर त्यांच्या तरुणपणी आपल्याकडे जॅझ मिळवणं म्हणजे दिव्य होतं. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी रेडिओवर विलिस कोनोव्हर जॅझचा कार्यक्रम करायचा. रात्री शॉर्टवेव्हची खुंटी पिळत, खरखरीतून एकेक तुकडा वेचून लोक ऐकायचे. कुणी परदेशातून येणार असेल तर त्याला रेकॉर्ड आणायला सांगायची आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. तुम्हांला जे एका बोटाच्या दाबाने मिळालं त्यासाठी त्यांनी वर्षं घातली असतील. अशा माणसाला आपण जमवलेल्याचा पहारेकरी व्हायची सवय लागते. ती सवय चांगली नाही, पण त्यांच्याकडे खजिना आहे आणि तो तुम्हांला हवाय. म्हणून भांडू नका. गटातल्यांसमोरच त्यांना विचारा: ‘तुम्ही ही रेकॉर्ड पहिल्यांदा कधी ऐकलीत? तिच्यानंतर काय ऐकू?’ बहुतेक माणसं या प्रश्नाला भरभरून उत्तर देतात.

आणि येत्या रविवारी लिहाच. ‘छान’, ‘अप्रतिम’ लिहू नका, त्यावर कुणाला पुढे बोलता येत नाही. कुठे, काय ऐकू आलं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘सो व्हॉटमध्ये दीड मिनिटाच्या आसपास माइल्सचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू होतं, तिथे ड्रमवर जिमी कॉबची झांज कडकन वाजते आणि तिची आस बराच वेळ मागे रेंगाळते. तुम्हांलाही वाटतं का, की खरी सुरुवात तिथे होते?’ एवढं पुरे. ज्यांनी आजवर ते ऐकलं नव्हतं ते उठून परत लावतील. ऐकणाऱ्यांच्या मेळाव्यात याहून मोठी देवघेव नसते. कोणत्या साली कुठल्या कंपनीने काढली, कुठली आवृत्ती दुर्मिळ, हे सांगणारे गटात पुष्कळ असतील. त्यांचाही उपयोग आहे. पण त्रितालाच्या आवर्तनांत ‘सो व्हॉट’ मोजून दाखवणारा कुणी आहे का, बघा. मला वाटतं ते तुम्हांलाच करावं लागेल.

असं काही रविवार केलंत आणि तरीही टोमणेच आले, बाकीचे बघत राहिले, कुणी एका शब्दानेही तुमच्या बाजूने बोललं नाही, तर खुशाल बाहेर पडा. ऐकणं तुमचं आहे, ते काही गटात ठेवून यावं लागत नाही. पण सध्या तरी एका माणसाचा एक शेरा आणि चार हसरे चेहरे, एवढ्यावर निघून जाण्याइतकं झालेलं नाही.

‘आमच्यासारख्यांनी’ हा शब्द मला सलला. दादा, आपण सोलापूरची माणसं. तुमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि उर्दू. अर्धी कळणारी गाणी ऐकत आपण वाढलो आणि कुणी कुणाकडे दाखला मागितला नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात गाण्याला बसलं की समेवर अख्खं सभागृह मान हलवतं. त्यांतल्या किती जणांना रागाचं नाव सांगता येतं? तिथे जो हक्क तुम्ही न मागता घेता, तोच इथे घ्या.

शिवाय जॅझ महाराष्ट्राला परकंही नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. त्यांचं ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत गोव्याचे वादक तयार झाले. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवणारी ही मंडळी. त्यांतलाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’ला संगीत दिलं, त्यात चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतात. त्यातल्या ‘शोला जो भडके’वरच्या भगवानदादांच्या नाचावर तुमच्या आई-वडिलांनीही ठेका धरला असेल. पुढे १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. तेव्हा नुसती हौस म्हणून स्वतःला कमी लेखू नका. हौसेनेच तर ही सगळी मंडळी कामाला लागली.

वहिनींचं म्हणणं मात्र मला एकदम पटलं. ‘सगळे एकदम भांडायलेत काय?’ हा प्रश्न त्यांनी अगदी नेमका विचारला. न्यू ऑर्लिन्स या अमेरिकी शहराच्या जुन्या पद्धतीत खरंच सगळे एकाच वेळी, आपापलं, जागच्या जागी रचून वाजवतात. ट्रम्पेट धून सांगतो, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढत जातो आणि ट्रॉम्बोन खालून ओढून धरतो. १९२५ पासून लुई आर्मस्ट्राँगने ‘हॉट फाइव्ह’ नावाने जी ध्वनिमुद्रणं केली, त्यांतलं एखादं लावा आणि त्यांना सांगा, की तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, आता यांतला कोण काय बोलतोय ते शोधू. ऐकायला बसवू नका, त्यांच्या कामाच्या वेळी मोठ्याने लावू नका. आधी ‘अलबेला’ लावा, मग हे. मुलाला समजावू नका. त्याच्या हातात मोजणी द्या. पाचवं आवर्तन कुठे सुरू होतं ते तुझ्या कानाला कळतं का, असं विचारा. अकरावीच्या पोराला पैज आवडते.

गट फोनमध्ये आहे, तो तिथे असू द्या. पण शेजारी बसून ऐकणारं एक माणूस सोलापुरात शोधा. मला विचाराल तर लग्नाच्या बँडमध्ये शोधा. वरातीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या वाजवण्याकडे कुणी कान देत नाही, सगळे नाचत असतात. न्यू ऑर्लिन्समध्येही हे संगीत रस्त्यावरच्या अशाच बँडांच्या सोबतीने वाढलं. तिथे अंत्ययात्रेलाही बँड असतो. जाताना संथ भजनं वाजवायची, दफन झालं की परतताना नाचरी चाल धरायची. लग्नसराई आटोपली की एखाद्या क्लॅरिनेटवाल्याला चहाला बोलवा आणि आर्मस्ट्राँगच्या मंडळींचा क्लॅरिनेट ऐकवा. श्वास कुठे घेतला, सूर मुद्दाम कुठे वाकवला, हे तो जे सांगेल ते तुमच्या गटातल्या कुणाला सांगता येणार नाही. त्याने सांगितलेलं त्याच्या परवानगीने गटात लिहा. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, युनेस्कोने २०११ मध्ये ठरवलेला. त्या संध्याकाळी घरी चार माणसं बोलवायला निमित्त आयतंच आहे.

राहिला रेकॉर्ड प्लेअर. आत्ता घेऊ नका. प्लेअर, स्पीकर, मग एकेक रेकॉर्ड, हा खर्च थांबत नाही, आणि तो केल्याने कान तयार होत नाही. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्या इवल्या स्पीकरला बेसचे खालचे सूर झेपतच नाहीत. ‘सो व्हॉट’मध्ये विचारणाराच बेस आहे, तोच गेला तर नुसते होकार ऐकू येतील. बरे हेडफोन घ्या, कानावर पूर्ण बसणारे. रात्री गल्लीतले माग थांबल्यावर ते लावून बसा.

उरलेल्या पैशात एकदा मुंबईला जा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये जॅझचे कार्यक्रम होत असतात, तारखा आधी बघून ठेवा. समोर बसून ऐकताना जे दिसतं ते कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही. सोलो संपवताना वादक दुसऱ्याकडे कसा बघतो, ड्रमवाला कुणाच्या श्वासावर नजर ठेवून असतो, आणि सोलोनंतर मध्येच टाळ्या वाजवायची तिथे रीतच आहे, संकोच करायचा नाही. रात्रीच्या सिद्धेश्वरने निघालात तर सकाळी मुंबईत, संध्याकाळपर्यंत दिवस मोकळा. गटातले मुंबईकर तिथे भेटतील का, तेही आधी विचारून ठेवा, त्या ज्येष्ठांनासुद्धा. आणि तिकिटं दोन काढा, वहिनींना घेऊन जा.

— तुमची ताई